संत जोसेफिन बखिता : जखमेपासून क्षमेपर्यंतची वाट

दरवर्षी ८ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा संत जोसेफिन बखिता हिचा सण साजरा करते. २०१५ पासून हाच दिवस मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थना व जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणूनही पाळला जातो. आपल्यापैकी बहुतेकांना या संत स्त्रीविषयी एकच गोष्ट ठाऊक असते. सुदानमधील एका गुलाम मुलीने आपला छळ करणाऱ्यांना क्षमा केली, ही ती गोष्ट. प्रवचनांतून ती वारंवार सांगितली जाते आणि ती खरीही आहे. परंतु ती तिच्या प्रवासाची शेवटची पायरी आहे. आधीच्या पायऱ्या गाळून केवळ शेवटची सांगितली, तर ज्यांच्या घरात आजही मारहाण चालू आहे, ज्यांच्या बालपणावर कुणीतरी हात टाकला आहे, अशा माणसांवर आपण नकळत नवा भार टाकतो. तू क्षमा का करत नाहीस, हा तो भार. म्हणून या रविवारी आम्ही बखिताचे जीवन पहिल्यापासून आणि क्रमाने सांगणार आहोत.

नाव हरवलेली मुलगी

बखिताचा जन्म १८६९ च्या सुमारास सुदानच्या पश्चिमेकडील दारफुर प्रांतात, ओलगोसा या गावी झाला. ती दाजू जमातीची. वडील गावच्या मुखियाच्या नात्यातले. घर खातेपिते, भावंडांनी भरलेले. त्या काळी त्या प्रदेशात माणसे पळवून विकणाऱ्यांच्या टोळ्या फिरत असत. बखिता लहान असतानाच तिच्या थोरल्या बहिणीला अशा टोळीने पळवून नेले. त्या दिवशी आईने केलेला आकांत तिला आयुष्यभर आठवत राहिला.

पुढे १८७७ च्या सुमारास तिच्यावरही तीच पाळी आली. ती तेव्हा सात ते नऊ वर्षांची असेल. मैत्रिणीबरोबर गावाबाहेर गेली असता दोन अनोळखी माणसे भेटली. काहीतरी निमित्त करून त्यांनी तिला मैत्रिणीपासून वेगळे काढले आणि धाक दाखवून पळवले. महिनाभर तिला एका अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवले. भीतीने तिची वाचा बसली आणि आईवडिलांनी ठेवलेले स्वतःचे नावसुद्धा ती विसरली. पळवणाऱ्यांनीच तिला बखिता हे नाव दिले. अरबी भाषेत या शब्दाचा अर्थ होतो भाग्यवान! आईने दिलेले नाव तिला पुन्हा कधीच आठवले नाही.

मोठ्या धक्क्याने मनाचे काय होते, हे यातून आपल्या ध्यानात यावे. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला पुष्कळदा सारे नीट आठवत नाही, तारखा सांगता येत नाहीत, प्रसंग मागेपुढे होतात. मग आपण म्हणतो, हिच्या बोलण्यात मेळ नाही, ही खोटे सांगत असेल. बखिताला तर स्वतःचे नावही सांगता येत नव्हते. तेवढ्यावरून तिच्यावर काही घडलेच नाही, असे कोण म्हणेल?

जखमेवरचे मीठ

तिथून अनवाणी पायांची लांबच लांब चाल सुरू झाली. तिला शेकडो किलोमीटर चालवत एल ओबेद या बाजारपेठेच्या शहरी नेण्यात आले. वाटेत तिची खरेदी-विक्री झाली. एका रात्री दुसऱ्या एका मुलीबरोबर तिने पळ काढला. रानात एक माणूस भेटला. त्याने आश्रय देतो असे सांगून दोघींना घरी नेले आणि मेंढरांच्या वाड्यात साखळदंडाने बांधून ठेवले. काही दिवसांनी त्याने त्यांना दुसऱ्या व्यापाऱ्याला विकून टाकले. आगीतून निघून फुफाट्यात पडावे, तसे झाले. मदतीच्या नावाखाली फसवणूक झालेले माणूस पुढे मदत करणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहू लागले, तर त्याला दोष देता येत नाही.

एल ओबेद येथे एका श्रीमंत घरात ती मालकाच्या मुलींची दासी झाली. एकदा तिच्या हातून मालकाच्या मुलाची एक वस्तू फुटली. त्या मुलाने तिला इतके मारले की महिनाभर तिला अंथरुणावरून हलता आले नाही. नंतर ती एका तुर्की सेनाधिकाऱ्याच्या घरी विकली गेली. तिथे रोजच चाबूक होता. एके दिवशी त्या अधिकाऱ्याच्या पत्नीच्या हुकमाने गोंदवणारी बाई बोलावली गेली. पिठाने बखिताच्या अंगावर नक्षी रेखाटण्यात आली, मग वस्तऱ्याने त्या रेघांवर खोल चिरे पाडण्यात आले आणि व्रण कायम राहावेत म्हणून त्यांत मीठ भरण्यात आले. छाती, पोट आणि उजवा हात मिळून एकशे चौदा चिरे. जखमेवर मीठ चोळणे हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. त्या मुलीच्या बाबतीत तो अक्षरशः खरा झाला.

हे सारे अगदी घरात घडत होते. मारणारी माणसे रस्त्यावरचे गुंड नव्हते. ते प्रतिष्ठित कुटुंबातले होते, त्यांत स्त्रियाही होत्या, आणि घरातल्या इतर साऱ्यांना सारे दिसत होते. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत कुणाचा गळा आवळला जात असेल, तर ती मूठ उघडलीच पाहिजे.

मायाळू मालक तरी मालकच

सुदानमध्ये बंडाचे वारे वाहू लागले तेव्हा तो तुर्की अधिकारी मायदेशी जायला निघाला. त्याने आपले बहुतेक गुलाम विकायला काढले. १८८३ मध्ये खार्टूम शहरी कॅलिस्तो लेन्यानी नावाच्या इटालियन उप-वाणिज्यदूताने बखिताला विकत घेतले. पळवली गेल्यापासून प्रथमच कुणी तिच्यावर हात उगारला नाही. तिला अंगभर कपडा मिळाला, शांत झोप मिळाली. पुढे बंडखोरांच्या भीतीने लेन्यानी इटलीला परत निघाला, तेव्हा मलाही न्या म्हणून तिने विनवणी केली. १८८५ मध्ये ती इटलीच्या किनाऱ्यावर उतरली.

उतरताच लेन्यानीने तिला आपले परिचित मिकिएली यांच्या स्वाधीन केले. कारण काय, तर मिकिएलींच्या पत्नीला एक दासी हवी होती. चांगल्या मालकाने चांगल्या माणसांना दिली. पण दिली ती वस्तूसारखीच. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना इमॅन्युएल कांट या जर्मन विचारवंताचा एक भेद आम्हाला शिकवला जात असे. वस्तूला किंमत असते आणि तिच्या जागी दुसरी वस्तू ठेवता येते. माणसाला प्रतिष्ठा असते आणि त्याच्या जागी कुणालाच ठेवता येत नाही. लेन्यानीच्या घरी बखिताचा मार थांबला खरा, पण ती अजून किंमत असलेलीच होती. मार थांबला म्हणजे सारे ठीक झाले, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. नवरा हल्ली मारत नाही, पण पैसे हातात देत नाही, माहेरी जाऊ देत नाही, फोन हिसकावून घेतो, अशा घरातली स्त्री सुखी आहे असे म्हणता येईल का?

मिकिएली कुटुंब व्हेनिसजवळच्या झियानिगो या गावी राहत असे. तिथे बखिता घरातल्या बाळाची, मिम्मिना नावाच्या मुलीची दाई झाली. दोघींचा एकमेकींवर फार जीव. याच काळात तिला एक माणूस भेटला, इल्युमिनातो केक्किनी. तो मिकिएलींच्या मालमत्तेचा कारभार पाहत असे. स्वतः मोठ्या कुटुंबाचा बाप आणि भाविक गृहस्थ. त्याने बखिताशी माणसासारखे वागायला सुरुवात केली. एकदा त्याने तिला चांदीचा लहानसा क्रूस दिला आणि त्या क्रूसावर खिळलेला कोण, हे साध्या शब्दांत सांगितले. तिने तो क्रूस जिवापाड जपून ठेवला. अंगावर चाबकाचे वळ असलेल्या मुलीला फटक्यांनी रक्तबंबाळ झालेला देव भेटला. तिला त्याची ओळख करून देणारा ना धर्मगुरू होता ना धर्मभगिनी. तो तुमच्यासारखाच एक प्रापंचिक होता.

तिने पहिल्यांदा नाही म्हटले

सुदानच्या सुआकिन बंदरात मिकिएलींनी एक हॉटेल घेतले होते. मालकीणबाईंना त्यासाठी तिकडे जावे लागणार होते. केक्किनीच्या सल्ल्याने १८८८ च्या नोव्हेंबर महिन्यात बखिता आणि छोटी मिम्मिना यांना व्हेनिस येथील कनोसा भगिनींच्या आश्रमात ठेवण्यात आले. तिथे श्रद्धेचे शिक्षण घेणाऱ्यांची सोय होती. कनोसा भगिनींचे नाव आपल्याला परके नाही. संत मॅग्दलीन कनोसा हिने १८०८ मध्ये इटलीतील व्हेरोना येथे स्थापन केलेल्या या संघाच्या शाळा मुंबईत माहीम आणि अंधेरी येथे आहेत आणि आपल्या अनेक लेकी तिथे शिकल्या आहेत.

आश्रमात सिस्टर मारिया फाब्रेत्ती यांनी बखिताला धर्मशिक्षण दिले. लहानपणी चंद्र, सूर्य, तारे पाहून ती विचार करी की या साऱ्याचा धनी कोण असेल. तो धनी आपल्याला लेक मानतो, हे तिला इथे समजले. वर्षभर कुणी तिच्यावर ओरडले नाही, कुणी तिला विकले नाही. त्या वर्षात तिच्या आत काहीतरी हळूहळू ताठ उभे राहिले.

१८८९ मध्ये मालकीणबाई परत आल्या आणि बखिताला घेऊन जायला आश्रमात आल्या. बखिताने जायला नकार दिला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने एखाद्या मालकाला नाही म्हटले होते. मालकीणबाई रागावल्या, तिला कृतघ्न म्हणाल्या, उपकारांची यादी वाचली. बखिताला ते लागले, कारण त्या बाईविषयी तिच्या मनात खरेच आदर होता. शिवाय मिम्मिनाला सोडायचे म्हणजे काळजाचा तुकडा तोडून द्यायचा. नकार देणे तिला मुळीच सोपे गेले नाही. तरीही ती ठाम राहिली.

आता पाहा, तिच्या पाठीशी कोण कोण उभे राहिले. आश्रमाच्या प्रमुख धर्मभगिनीने तिला तडजोडीचा उपदेश केला नाही. एवढ्या वर्षांचे उपकार आठव, बाईसाहेबांचे मन मोडू नकोस, असे काही सांगितले नाही. त्यांनी प्रकरण व्हेनिसचे कार्डिनल दोमेनिको अगोस्तिनी यांच्यापर्यंत आणि सरकारी वकिलापर्यंत नेले. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी निर्णय झाला. इटलीच्या कायद्याला गुलामगिरी मान्यच नव्हती. त्यामुळे बखिता त्या भूमीवर कुणाचीही मालमत्ता नव्हती. ती स्वतंत्र होती आणि कुठे राहायचे हे तिचे तिने ठरवायचे होते. तिने आश्रमात राहायचे ठरवले. मिम्मिनाला रडत रडत ओढून नेण्यात आले आणि बखिताही रडली. स्वातंत्र्याचा तो दिवस तिच्यासाठी अश्रूंचाही होता.

प्रिय भाविकहो, या घटनेत आम्हाला आपल्या धर्मग्रामासाठी सर्वांत मोठा धडा दिसतो. ख्रिस्तसभा आणि देशाचा कायदा त्या दिवशी एकाच बाजूला, पीडित मुलीच्या बाजूला उभे राहिले. धर्मभगिनींनी प्रार्थना केली आणि सरकारी दारही ठोठावले. प्रार्थना करणाऱ्याने पोलिसांकडे जाऊ नये, असा समज आपल्या अनेक घरांत आहे. बखिताच्या कथेत त्याला कुठेच आधार नाही.

नवे नाव, नवे घर

९ जानेवारी १८९० रोजी कार्डिनल अगोस्तिनी यांच्या हस्ते बखिताला बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही संस्कार मिळाले. जोसेफिन मार्गारेट आणि फॉर्च्युनाता ही नावे तिला देण्यात आली. फॉर्च्युनाता म्हणजे भाग्यवान. पळवणाऱ्यांनी थट्टेसारखे ठेवलेले नावच ख्रिस्तसभेने खरे करून तिच्या पदरात घातले. पुढे त्या बाप्तिस्मा कुंडापाशी गेली की ती त्याचे चुंबन घेत असे. देवाची लेक आपण इथे झालो, हे ती विसरली नाही.

१८९३ च्या डिसेंबरमध्ये ती व्रतस्थ जीवनाच्या तयारीसाठी दाखल झाली आणि ८ डिसेंबर १८९६ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, तिने कनोसा भगिनी म्हणून व्रते घेतली. पूर्वी तिला दुसऱ्याच्या इच्छेने राबावे लागत होते. आता तिने स्वतःच्या इच्छेने सेवा पत्करली.

१९०२ मध्ये सिस्टर बखिता उत्तर इटलीतील स्किओ या गावच्या मठात आल्या. स्वयंपाकघर, भरतकाम, देवघराची व्यवस्था आणि पुढे मठाचे दार सांभाळण्याचे काम त्यांनी केले. दार उघडणारी सिस्टर म्हणून गावातली मुले त्यांना ओळखत. डोक्यावर हात ठेवून त्या मुलांना आशीर्वाद देत. पहिल्या महायुद्धात मठाच्या काही भागात लष्करी रुग्णालय होते. तेव्हा त्यांनी जखमी सैनिकांची सेवा केली. गावकरी त्यांना प्रेमाने आपली सावळी माता म्हणत. आरंभी मात्र काळ्या वर्णाची बाई म्हणून लोक नुसते बघायला येत आणि त्या नजरा त्यांना बोचत. सांत्वन देणारे गावही एका दिवसात शहाणे होत नाही.

सांगणे आणि ऐकणारे कान

बखितांनी आपली कहाणी केव्हा सांगितली? १९१० मध्ये, सुटका झाल्यावर वीस वर्षांनी. वरिष्ठ भगिनींच्या सांगण्यावरून त्यांनी सिस्टर तेरेसा फाब्रिस यांना आपल्या आठवणी सांगितल्या आणि त्यांनी त्या लिहून घेतल्या. १९३० मध्ये इदा झानोलिनी या लेखिकेने त्यांची भेट घेऊन सारे पुन्हा ऐकले आणि १९३१ मध्ये त्यांच्यावर पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे वरिष्ठांच्या आज्ञेने, चीनमध्ये मिशनकार्य केलेल्या एका भगिनीबरोबर त्या इटलीभर फिरल्या. सभेत त्या फारसे बोलत नसत. स्वभाव लाजरा. दोन-चार शब्द बोलून खाली बसत. त्यांचे उभे राहणे हीच त्यांची साक्ष होती.

वीस वर्षे हा मोठा काळ आहे. इतकी वर्षे का गप्प होतीस, आधी का नाही बोललीस, असे प्रश्न आपण किती सहज विचारतो! जखम सांगायला सुरक्षित जागा लागते आणि ऐकणारे कान लागतात. ते मिळेपर्यंत मनुष्य तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसतो. ऐकणाऱ्याचे पहिले कर्तव्य म्हणजे शांतपणे ऐकणे, विश्वास ठेवणे आणि ऐकलेले चव्हाट्यावर न मांडणे.

क्षमा शेवटी आली

आता क्षमेविषयी. पुढे अनेक वर्षांनी कुणीतरी सिस्टर बखितांना विचारले की ज्यांनी तुम्हाला पळवले ते भेटले तर काय कराल. गुडघे टेकून त्यांच्या हातांचे चुंबन घेईन, असे त्यांचे उत्तर होते. कारण ते घडले नसते तर आपण ख्रिस्ताला ओळखले नसते, असे त्यांना वाटे. हे उत्तर ऐकून आपण थक्क होतो. परंतु क्रम पाहा. आधी मार थांबला. मग सुरक्षित छप्पर मिळाले. मग कुणीतरी माणूस म्हणून वागवले. मग नाही म्हणण्याचे बळ आले. मग कायदा पाठीशी उभा राहिला. मग प्रेमाचे घर मिळाले, ऐकणारे कान मिळाले. या साऱ्यानंतर ही क्षमा उमलली आणि तीही कुणी जबरदस्तीने मागितली म्हणून नव्हे. आपण मात्र आधी कळस मग पाया असा उफराटा व्यवहार करतो. काल रात्री मार खाल्लेल्या बाईला आज सकाळी सांगतो, क्षमा कर आणि घरी जा.

आणखी एक गोष्ट. ज्या पुरुषांविषयी बखिता बोलल्या ते हजारो मैल दूर होते. त्यांच्या हाती पुन्हा सापडण्याचा धोका नव्हता. क्षमा करणे म्हणजे साखळदंड पुन्हा पायात घालून घेणे नव्हे. क्षमा हृदयातून केली जाते. सुरक्षितता घर, पैसा, कायदा आणि माणसे यांतून उभी करावी लागते. क्षमा केलेल्या अपराध्यालाही न्यायालयात उत्तर द्यावे लागते आणि त्यात ख्रिस्ती प्रीतीला बाध येत नाही. पीडितेने मिकिएलींच्या घरी परत जावे, असे बखिताच्या क्षमेतून कुणी सिद्ध करू शकत नाही. ती स्वतः परत गेली नव्हती.

शेवटच्या आजारातही जुने दुःख त्यांना सोडून गेले नाही. अखेरची वर्षे त्यांनी चाकांच्या खुर्चीत काढली. अंतकाळी ग्लानीत असताना त्या पुन्हा गुलामीच्या दिवसांत जात आणि सेवा करणाऱ्या भगिनीला विनवीत की या बेड्या फार जड झाल्या आहेत, जरा सैल करा. पन्नासहून अधिक वर्षे मुक्त असलेल्या, क्षमा केलेल्या, दररोज ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या संत स्त्रीच्या मनात बेड्या अजून होत्या. म्हणून ज्यांना रात्री दचकून जाग येते, ज्यांना जुने प्रसंग अचानक घेरतात, त्यांनी आपली श्रद्धा कमी पडली असे समजू नये. बरे होणे म्हणजे विसरणे नव्हे. बेड्या जड झाल्या तेव्हा हाक मारायला कुणीतरी शेजारी होते, यातच त्यांचे बरे होणे दिसते.

८ फेब्रुवारी १९४७ रोजी स्किओ येथे त्यांनी देह ठेवला. ओठांवर पवित्र मरियेचे नाव होते. अंत्यदर्शनाला हजारो लोक आले. १७ मे १९९२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य म्हणून घोषित केले आणि १ ऑक्टोबर २००० रोजी संतपद बहाल केले. २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आशेविषयीच्या आपल्या परिपत्रकाच्या आरंभीच त्यांची कथा सांगितली. आशा म्हणजे काय हे समजावून देण्यासाठी त्यांना एका गुलाम मुलीचे जीवन निवडावेसे वाटले.

आपल्या धर्मग्रामासाठी

ही कथा वाचून झाल्यावर काही गोष्टी स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

जे तुमच्यावर झाले ते तुमचे पाप नव्हे. प्रायश्चित्त संस्कारात आपण स्वतःच्या पापांची कबुली देतो. दुसऱ्याने केलेल्या अत्याचाराची कबुली देण्याची गरज पीडिताला नाही. मनातले बोलायचे असेल तर जरूर यावे; मात्र अपराधी म्हणून येऊ नये.

विवाह हा पवित्र संस्कार आहे, पण मार खात राहणे हा त्याचा भाग नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदासंहितेतील नियम ११५३ प्रमाणे, जोडीदारामुळे स्वतःच्या किंवा मुलांच्या शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास रास्त कारण ठरते, आणि उशीर करणे धोक्याचे असेल तर परवानगीची वाट न पाहताही निघता येते. धोक्यातून मुलांना घेऊन बाहेर पडणारी आई संस्कार मोडत नाही.

देशाचा कायदाही पाठीशी आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा मारहाणीबरोबरच मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळालाही हिंसाच मानतो आणि स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो. स्त्रियांना व मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तातडीच्या वेळी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. आरोपी काका असो, शिक्षक असो वा धर्मगुरू असो, या नियमाला अपवाद नाही. ख्रिस्तसभेतही अशी दुष्कृत्ये झाली आणि झाकली गेली, हे सत्य आहे. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी वरिष्ठांना कळवणे धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर बंधनकारक केले, ते यासाठीच.

आणि शेवटी शेजाऱ्यांविषयी. बखिताला वाचवणारे कुणी मोठे वीर नव्हते. एका कारभाऱ्याने क्रूस दिला आणि चांगली जागा सुचवली. एका सिस्टरने शिकवले. एका प्रमुख भगिनीने दार लावून घेतले नाही. एका सरकारी अधिकाऱ्याने कायदा वाचून दाखवला. प्रत्येकाने आपल्या वाट्याचे लहानसे काम केले आणि त्यातून एका मुलीचे आयुष्य उभे राहिले. आपल्या वाडीत, आपल्या इमारतीत भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज येतो तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवू नका. जाऊन बेल वाजवा. साखर मागायच्या निमित्ताने वाजवा, पण वाजवा. त्या बाईला एकटीला गाठून एवढेच सांगा की गरज लागली तर माझे दार रात्री-अपरात्री उघडे आहे.

संत जोसेफिन बखिता, ज्यांच्या बेड्या आजही जड आहेत त्यांच्यासाठी प्रभू येशूकडे विनंती कर. त्या सैल करायला आमचे हात वापरले जावोत. आमेन.